कर्वेनगरातून गावात: क्युसेक, मुहूर्त आणि सायकल

पुण्यात घर कर्वेनगरात आणि नोकरी अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या एका वितरकाकडे हिशेब बघते. अंतर साधारण सहा-सात किलोमीटर. स्कूटरनं जायचे तेव्हा रस्त्यापेक्षा पार्किंगचीच डोकेदुखी जास्त. पेठेत गाडी लावायला जागा मिळाली की त्या दिवशी देव पावला म्हणायचं. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. ती काढली, ब्रेक आणि चेन बदलून घेतली, सीट खाली घेतली. मग खरा प्रश्न आला: जायचं कुठून?

घरच्यांनी एकच अट घातली, "कर्वे रोडनं जाणार असशील तर नको." मलाही जायचं नव्हतंच. वरून मेट्रो, नळस्टॉपला दुमजली पूल, आणि खाली खांबांतून उरलेल्या रस्त्यात बस थांब्याकडे वळली की सायकलवाल्याला सरकायला जागाच राहत नाही. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला, हे मला माहीत होतं. पण मला जायचं होतं येत्या सोमवारपासून, आणि आराखड्यावर बसून कुणी ऑफिसला जात नाही.

पहिलं काम केलं ते नकाशात पायी जाण्याचा पर्याय लावण्याचं. गाडीचा पर्याय लावला की नकाशा तुम्हाला मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडतो. पायी लावला की सोसायट्यांमधले बोळ, शाळेमागची वाट, नदीकडे उतरणारा रस्ता असं सगळं दिसायला लागतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, पायी जाणाऱ्याला एकेरी वाहतूक लागू नसते, सायकलला असते. त्यामुळे पेठांमधला जाण्याचा रस्ता येताना चालत नाही. येण्याचा रस्ता वेगळा बसवावा लागतो.

सोसायटीतल्या एका हौशी सायकलपटूनं त्याच्या ॲपवरचा नकाशा दाखवला. सगळे सायकलवाले कुठून जातात ते त्यात ठळक रेघांनी दिसतं. माझ्या तो काहीच कामाचा निघाला नाही. ही मंडळी पहाटे साडेपाचला खडकवासल्याकडे निघतात. त्या वेळी कर्वे रोडसुद्धा गरीब असतो. मला हवं होतं सकाळी साडेनऊचं आणि संध्याकाळी सातचं उत्तर. ते सांगणारे लोक ॲपवर नसतात. ते बांधकामावर जाणारे गवंडी, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, कॅन लावून चहा पोचवणारे. राजाराम पुलाजवळच्या पंक्चरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, सायकलवाले डीपी रोडनंच येतात. कर्वे रोडला कोण मरायला जातंय?"

डीपी रोड म्हणजे राजाराम पूल ते म्हात्रे पूल, नदीच्या अंगानं जाणारा. पुण्यातली निम्मी लग्नं तिथेच लागतात असं वाटावं इतकी लॉन आणि मंगल कार्यालयं तिथं आहेत. रस्ता सपाट, झाडीही बरी. सकाळी कर्वेनगरातून निघून डीपी रोड, म्हात्रे पुलापाशी नळस्टॉपचा रस्ता ओलांडून एरंडवण्यात, तिथून आतल्या गल्ल्यांनी गरवारे महाविद्यालयाच्या मागे रजपूत वीटभट्टी, मग नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल आणि पलीकडे नारायण पेठ. कागदावर हे फारच सुरेख दिसत होतं.

सायकल बाहेर काढण्याआधी मी या वाटेवरच्या प्रत्येक चौकात ऑफिसच्या वेळेला जाऊन उभी राहिले. हा उद्योग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी करत नाही. लोक विचारतात, रस्ता चांगला आहे का. मधला रस्ता बहुतेक ठिकाणी ठीकच असतो, आपण डावीकडून आपल्या गतीनं जातो. घात होतो तो चौकात: उजवीकडे वळताना, किंवा आपण सरळ जात असताना डावीकडे वळणारी गाडी आडवी येते तेव्हा. म्हणून मी वाटेची तुलना किलोमीटरवर केलीच नाही. किती चौक लागतात, त्यातल्या कितीत उजवीकडे वळायचंय, आणि तिथे सिग्नल पाळला जातो का, एवढंच वहीत मांडलं. एका किलोमीटरचा वळसा पडून एक उजवं वळण वाचत असेल तर तो वळसा मला स्वस्त वाटतो.

म्हात्रे पुलाचा चौक या हिशेबात सगळ्यात वाईट निघाला. पुलावरून उतरणारी वाहनं वेगात असतात, नळस्टॉपकडून येणाऱ्यांना पूल गाठायची घाई, आणि दुचाकीवाले सिग्नल सुटायच्या आधीच निम्मा चौक खातात. तिथे मी सरळ उतरते. सायकल हातात धरून, पायी चालणाऱ्यांबरोबर झेब्रावरून पलीकडे जाते. सुरुवातीला लाज वाटायची, लोक काय म्हणतील म्हणून. लोक काही म्हणत नाहीत, त्यांना वेळच नसतो.

आता डीपी रोडच्या संध्याकाळबद्दल. सकाळी जाताना लॉनच्या बाजूशी माझा संबंधच येत नाही, कारण बहुतेक लॉन नदीकडे आणि मी पलीकडच्या कडेला. येताना मात्र ती बरोबर माझ्या डाव्या हाताला येतात. मोटारी लॉनमध्ये शिरायला माझ्यासमोरून डावीकडे कापतात, नाहीतर कडेला उभ्या राहून अचानक दार उघडतात. उभ्या गाडीपासून निदान एका दाराइतकं अंतर ठेवायचं, हा नियम मी तिथेच शिकले. तसं केलं की मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

एका लॉनच्या फाटकावरच्या वॉचमनदादांशी ओळख झाली, तेही सायकलवरच येतात. ते म्हणाले, "ताई, मुहूर्त बघून येत जावा. गोरज असला की सहापासनंच गाड्या लागत्यात. रिसेप्शन असलं तर आठपर्यंत हलायला जागा न्हाई. आन वरात असली तर मग इचारूच नका."

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर मी विवाहमुहूर्तांच्या तारखांना पेन्सिलीनं खुणा करते. घरात लग्नाचं कुणी नाही, त्यामुळे सासूबाईंना पहिल्यांदा भलतीच शंका आली होती. मुहूर्त असला की संध्याकाळी डीपी रोड सोडायचा आणि पटवर्धन बागेवरून गणेशनगर, हॅपी कॉलनी अशा वसाहतींच्या आतून घर गाठायचं. गतिरोधक भरपूर आहेत, पाठीला जाणवतात, पण गाड्यांचा वेगही त्यांच्यामुळेच कमी राहतो.

नदीपात्राच्या रस्त्याचं पंचांग वेगळं. भिडे पूल मुळातच ठेंगणा. खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढवला की तो पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. जुलै 2024 मध्ये पलीकडच्या काठावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ही नदी काय करू शकते ते सगळ्या शहरानं पाहिलं. म्हणून पावसाळ्यात सकाळचा चहा घेताना आधी क्युसेकचा आकडा, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडताहेत ते, बघायचा. आकडा चढता असेल तर पात्रात उतरायचंच नाही, पूल उघडा दिसला तरी. संध्याकाळी परत यायचं असतं, आणि मधल्या वेळेत धरणातून किती सोडतील ते आपल्या हातात नसतं.

पावसाळ्याची वाट अशी: म्हात्रे पूल पायी ओलांडायचा, सेनादत्त पोलीस चौकीवरून लोकमान्यनगरच्या आतल्या रस्त्यांनी जायचं, शास्त्री रस्ता सिग्नलला ओलांडून सदाशिव पेठेत शिरायचं. म्हात्रे पुलाचा चौक सोडला तर शास्त्री रस्ता ओलांडणं हाच या वाटेवरचा कठीण भाग, बाकी सावली आणि शांतता. खरं सांगायचं तर मला हीच वाट जास्त आवडते. 2025 मध्ये मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी भिडे पूल बंद ठेवला होता, तेव्हा उन्हाळ्यातसुद्धा हीच कामी आली.

या सगळ्यात एक गंमत आहे. पात्रातला रस्ता ज्या महिन्यांत बेभरवशाचा, ते महिने चातुर्मासाचे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं जवळजवळ नसतात, त्यामुळे डीपी रोड मोकळा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, पण तोवर नदी आटलेली असते आणि पात्र कोरडं. दोन्ही वाटा एकदम बंद, असा दिवस फार क्वचित येतो. दोन वाटा कायम तयार ठेवायच्या हे त्यामुळे सोपं जातं.

उरलं ते बारीकसारीक, पण तेच जास्त लागतं. एरंडवण्यातल्या एका गल्लीत पावसाळी चेंबरच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेनंच बसवलेल्या होत्या. सायकलचं बारीक चाक त्या फटीत बरोब्बर बसेल इतकी जागा. गाडीवाल्याला, स्कूटरवाल्याला ती दिसतसुद्धा नाही. तक्रार कुठे करायची हे आधी शोधावं लागलं. बारा मीटरपेक्षा अरुंद रस्ते साधारणपणे क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात, मोठे रस्ते पथ विभागाकडे. ही एक गोष्ट कळली की निम्मी पायपीट वाचते. मी पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या तक्रारींच्या ॲपवर, फोटो टाकला. फोटोत जाळीशेजारी सायकलचं पुढचं चाक ठेवून दाखवलं, आणि खाली लिहिलं, "जाळी फक्त आडवी फिरवून बसवावी, नवीन नको." काम नेमकं आणि स्वस्त आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. "रस्ते सुधारा" असं लिहून काय होणार? दोन कामगार आले, पहारीनं जाळी उचलली, फिरवली, गेले.

दुसरं मागणं जरा मोठं आहे. नदीपात्रात उतरायच्या तोंडाशी संध्याकाळी काळोख असतो, तिथे दिवा हवा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. तो भरला, आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतल्यांच्या सह्या जोडल्या. अंदाजपत्रक येईल तेव्हा कळेल. तोवर हँडलला दिवा, मागे लाल दिवा, आणि पाठीवरच्या सॅकला चकाकणारी पट्टी. ड्रेसची ओढणी सॅकमध्ये. चेनला आवरण असलं तरी ओढणीला ते माहीत नसतं.

वेळेचं विचारतात सगळे. स्कूटरपेक्षा थोडा जास्त लागतो, पार्किंग शोधायचा वेळ धरला तर नाही. ऑफिसमधल्या काकांनी पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागे सायकलपुरती जागा करून दिली आहे, आणि चाकात हवा कमी असेल तर ते सांगतातही.

कोथरूड डेपोकडच्या लोकांना माझी वाट फारशी उपयोगाची नाही, त्यांना कर्वे रोड कुठेतरी ओलांडावाच लागतो, आणि तो कुठे ओलांडायचा हे त्यांनी स्वतः उभं राहून ठरवावं. पण आनंदनगरहून येणाऱ्या एका सहकारी मैत्रिणीला मी तयार केलं आहे. तिला सकाळी सिंहगड रस्त्यावरून राजाराम पुलाकडे डावीकडे वळायचंय, ते सोपं आहे. परत येताना मात्र पुलावरून उतरून उजवीकडे. येत्या मंगळवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघी तासभर त्या चौकात उभं राहून बघणार आहोत. तिच्या नवऱ्याला अजून वाटतंय की आम्ही भेळ खायला चाललोय. भेळ खाणार आहोतच.