‘रस्ता चांगला आहे, शेतकरी तयार आहेत’: भीमाकाठचे चार दिवस

निघण्याआधी फोनवर दोनच वाक्यं ऐकली होती. "रस्ता चांगला आहे" आणि "शेतकरी तयार आहेत, तुम्ही फक्त या." दोन्ही खोटी निघाली. सांगणारा माणूस एकच. त्याचा स्वतःचा ऊस विजापूर हायवेला लागून आहे. नदीकडं तू शेवटचा कधी गेला होतास, हे मी त्याला विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढं आणखी तुकड्या जाणार आहेत. सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी दक्षिण सोलापुरातल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांबरोबर पाणी वाचवायचं काम. आम्ही तिघं आणि एक भाड्याची जीप. ठिबकचे संच तपासायचे, बैठका घ्यायच्या, कोण काय बदलायला राजी आहे ते लिहून आणायचं.

शहराला नदीकाठच्या उसाशी काय देणंघेणं, असं विचारणाऱ्यांसाठी: उजनी धरणातून शहराला पाइपनं पाणी येतंच, पण टाकळीला नदीतून होणाऱ्या उपशासाठी धरणातून भीमेत पाणी सोडून औजचा बंधारा भरून घ्यावा लागत आलाय. नदीनं ते अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. त्यासाठी एका आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडायच्या एका खेपेला, पाच-सहा टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचं, निम्मं वाळूनं प्यायचं, उन्हानं उडवायचं, मोटरींनी ओढायचं आणि बंधाऱ्यात उरेल ते शहराचं. उजनीहून शहरापर्यंतची समांतर जलवाहिनी रोजच्या १७ कोटी लिटरची. ती वर्षभर पूर्ण ताकदीनं चालली तरी सव्वादोन टीएमसीच्या आत भागतं. नदीतून एका खेपेला सोडतात त्याच्या निम्मंसुद्धा नाही. हा हिशेब पाठ करून जा, शेतकऱ्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

पहिले दोन दिवस धरणाच्या बाजूला गेले. भीमानगर, टेंभुर्णी, मग पंढरपूरवरून खाली. चांगले गेले. चिलापी मासळी खाल्ली, डाळिंबवाल्यांना भेटलो. डाळिंबवाल्यांना शिकवायला जाऊ नका, ते तुम्हाला शिकवतील. धरणाबद्दल एकच लक्षात ठेवा: उजनीचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७. मेलेलं पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त. म्हणून उन्हाळ्यात गावोगाव "उजनी मायनसमध्ये गेली" असं ऐकू येतं, तेव्हा उपयुक्त साठा संपलाय एवढंच समजा, धरण कोरडं पडलंय असं नाही.

आता तिसरा दिवस.

मंद्रूपपर्यंत रस्ता झकास. तिथून आत वळलो तेव्हाही डांबर होतं, मग खडी, मग मुरूम, आणि शेवटचे सहा किलोमीटर पाणंद, म्हणजे शेतातली कच्ची वाट. निव्वळ काळी माती. सकाळी नऊला आम्ही त्यावरून धूळ उडवत गेलो, म्हणजे आम्हालाही तो चांगलाच वाटला. उसाच्या ट्रॅक्टरांनी हंगामभर पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गुडघाभर उंचवटा. जीपचं पोट दोनदा घासलं. ड्रायव्हर म्हणाला, "पाऊस आला की संपलं बघा." एप्रिलची अखेर होती, पारा बेचाळिसच्या वर. आम्ही हसलो.

दुपारी चारला आभाळ भरलं आणि वळीव पडला, पाऊण तास. पाऊण तासात त्या सहा किलोमीटरचं काय होतं हे लिहून सांगता येत नाही, तरी सांगतो. चाक फिरतं, गाडी जात नाही. चिखल चाकाच्या वरच्या पत्र्यात जाऊन बसतो आणि चाकच धरून ठेवतो. खाली उतरून ढकलायला गेलात तर दोन्ही बुटांना दोन-दोन किलो काळी लागते, चौथ्या पावलाला बूट तिथंच राहतो आणि पाय पुढं येतो. दगड टाकला तर दगड आत जातो. उसाचं पाचट टाकलं तर ते चाकाला गुंडाळून वर येतं. आम्ही चारशे मीटर दीड तासात केले आणि मग गाडी आडवी होऊन चारीत बसली.

तर नियम असा: वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, पाणंदीत गाडी घालायची नाही. एक जोराचा वळीव झाला तर उन्हाळ्यातसुद्धा दोन दिवस धरा. दुपारी दोननंतर आभाळात ढग दिसला की बैठक अर्धी टाकून निघा, लोकांना राग आला तरी चालेल. आणि फोर बाय फोर म्हणून गाडी देणाऱ्याला ते सुरू करून दाखवायला सांगा. आमच्या गाडीवर नुसतं स्टिकर होतं.

ट्रॅक्टरवाला संध्याकाळी आला. गाडी बघितली, आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "अडीच हजार." चारशे मीटरला! घासाघीस करून १८०० वर आला आणि वर म्हणाला, "आज न्हाई, उद्या सकाळी लाईट गेल्यावर." अठराशे रुपये. मीटरला साडेचार रुपये. परतल्यावर चौघांना विचारलं, सगळे म्हणाले सातशे-आठशेच्या वर कुणी देत नाही. तुम्ही आधी गावातल्या माणसाकडून भाव काढा आणि शहराचं नाव काढू नका. आम्ही पाणीपुरवठ्याच्या कामाला आलोय म्हटल्यावर त्याचा आकडा वाढला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पिण्याच्या पाण्याचंही तेच. नदी हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही जारचं पाणी विकत घेतलं, तेही दीडपट भावानं. सोलापूरकरांच्या नळाची काळजी वाहणाऱ्यांनी जार विकत घेणं गावाला फार आवडलं.

दुसरं खोटं वाक्य: शेतकरी तयार आहेत.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात शहरासाठीचं आवर्तन सुरू होतं. आवर्तन सुरू असताना काठावरच्या मोटरींनी पाणी उचलू नये म्हणून वीज तोडतात, दिवसाला दोन तासांवर आणतात. म्हणजे डोळ्यांसमोरून नदी भरून वाहते, बांधावर ऊस सुकतो आणि त्याच वेळी शहराची माणसं येऊन म्हणतात, पाणी वाचवा. एका आज्जींनी कानडीत "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणून जेवायला बसवलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, म्हणून बैठक झाली तरी. नाहीतर हाकललं असतं. हाकलायलाच पाहिजे होतं.

बैठकीत आमचा माणूस ठिबकचे फायदे सांगत होता. मागं बसलेले एक काका शांतपणे म्हणाले, "साहेब, समजा म्या ठिबक केलं. दोन एकराचं पाणी वाचलं. मग म्या तिसऱ्या एकरात ऊस लावणार की. तुमच्या नळाला कुठनं येणार ते?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं अजून नाही. वाचलेलं पाणी नदीत राहावं असं वाटत असेल तर त्या बदल्यात शेतकऱ्याला काय मिळणार, ते ठरवून जा. वीज म्हणा, हमी म्हणा, पैसे म्हणा. ते वरच्यांनी ठरवलं नसेल तर ऊसपट्ट्यात ठिबकवर भाषण ठोकायला जाऊ नका, गाडीचं डिझेल वाचेल. अनुदानाचे आकडे मात्र तोंडावर हवेत, पहिला प्रश्न तोच येतो: अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५, कमाल पाच हेक्टर. हे टक्के बिलावर नाहीत, सरकारी मापदंडावर, म्हणजे सरकारनं धरलेल्या खर्चावर आहेत, हेही सांगा. पैसे कधी जमा होतील ते सांगू नका.

भाषणापेक्षा एकाआड एक सरी भिजवणं आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट न जाळता पसरणं यावर लोक बोलायला तयार असतात, कारण त्याला पैसा लागत नाही. तिथून सुरुवात करा. ठिबक मागून.

रात्र गावातल्या मंदिराच्या ओसरीत काढली. डास. बाकी काही लिहीत नाही.

सकाळी साडेसहाला लाईट आली आणि एक गोष्ट पाहिली, ती आधी कुणी सांगितली नव्हती. काठावरच्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, आपोआप. स्टार्टर ऑटोवर टाकून ठेवलेले. आदल्या दिवशी रान भिजलंय, पाणंद आमच्या गाडीला गिळून बसलीय, तरी मोटरी सुरू, दोन तास. कुणी झोपलेलं, कुणी चहा पीत. लाईट आली की मोटर, पाऊस पडो न पडो. दोन तासांची वीज वाया घालवायची नाही म्हणून पाणी वाया. वीजकपातीनं पाणी वाचतं असं कागदावर मांडणाऱ्याला त्या सकाळी साडेसहाला तिथं आणून उभं करायला हवं. पावसानंतर नुसते ऑटो बंद करायला लावले तरी आमच्या दोन बैठकांपेक्षा जास्त काम होईल, असं माझं मत. मत म्हणजे चिडलेल्या आणि न झोपलेल्या माणसाचं, पण मत.

ट्रॅक्टरवाला लाईट जाईपर्यंत येणार नव्हता, म्हणून आम्हीच त्याच्या रानात गेलो. चार एकर ऊस, ठिबकवर. तपासणीची रीत सोपी आहे, ती मात्र नीट करा. तासाला चार लिटर सोडणारा ड्रिपर असेल तर सहा मिनिटांत ४०० मिली पडायला हवं. पहिल्या लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या बारीक नळीच्या) तोंडाला एक भांडं, शेवटच्या लॅटरलच्या टोकाला एक, मधे दोन. भांडी घरूनच न्या, मापाची, आणि लॅटरल अलगद उचलून ठेवा; पाचटाखाली साप असतो. दाब मोजायचं गेज जवळ ठेवा. फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबात अर्ध्या किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) फरक दिसला की तो तुंबलाय.

त्याच्या तोंडाच्या भांड्यात ३७० पडलं. टोकाला १४०. तो म्हणाला, "म्हणून तिकडचा ऊस बारीक राहतोय व्हय? म्या म्हटलं रान हलकंय." फिल्टर उघडला तर जाळीच नव्हती. आवर्तनाचं पाणी गढूळ येतं, जाळी सारखी तुंबते, म्हणून काढून गोठ्यात टांगलेली. सगळा गाळ सरळ लॅटरलमध्ये. हे जवळजवळ प्रत्येकाकडं दिसेल, ओरडू नका. जाळी बसवा, लॅटरलची टोकं सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. क्षार बसले असतील तर आम्लप्रक्रिया, आणि तिथं एकच नियम: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आम्लाची बाटली जीपमधून नेऊ नका, त्या चाकोऱ्यांत तर मुळीच नाही.

आठ वाजायला वीस मिनिटं असताना टोकं सोडली. तांबूस गाळ बाहेर पडत राहिला, त्यानं पायानंच उकरून बघितला. पुन्हा भांडं लावलं तेव्हा टोकाला २९० आलं. तो काही बोलला नाही. शेजारच्या बांधावरच्या माणसाला हाक मारली, "ये लगा, जाळी बसीव तुझी बी."

साडेआठला त्यानं गाडी ओढून काढली. पैसे पूर्ण अठराशे घेतले, एक रुपया सोडला नाही.