खुर्ची, लोड आणि भिंत

सत्तरीनंतर योगासनं म्हटलं की लोक आधी गुडघ्यांची काळजी करतात. मला त्याचं उत्तर पुण्यातच मिळालं. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी १९७५ साली इथे संस्था उभी केली. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, दोर यांच्या आधाराने त्यांनी आसनं शिकवली आणि स्वतः नव्वदीतही सराव सोडला नाही.

आमच्या बाई त्याच पद्धतीच्या. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकलाच पाहिजे असा हट्ट नाही, ठोकळ्यावर ठेवा; छाती मात्र उघडली पाहिजे. रक्तदाब असणाऱ्यांना शीर्षासन नाही म्हणजे नाही, आणि हे मला अगदी पटतं.

माझं लाडकं आसन विपरीत करणी. कमरेखाली लोड, पाय भिंतीला उभे, डोळ्यांवर सुती पट्टी. हे गेल्यापासून संध्याकाळ अंगावर यायची. आता त्याच वेळी श्वास सावकाश, लांबवत सोडते. बरगड्या सैल पडतात, कधी रडूही येतं. बाई म्हणतात, "येऊ द्या, काकू." उठतानाही घाई नाही: गुडघे दुमडायचे, उजव्या कुशीवर वळायचं, हाताने रेटून बसायचं. मग मी भाकऱ्या थापायला घेते, आणि बरेचदा शेजारच्या वहिनींनाही जेवायला बोलावते.