राणीमाशीच्या पोटातला गजरा

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरला आग्या मोहोळ लागलं की ओळखीतले फोन सुरू होतात. मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून. ‘चावतील का?’ विचारून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, एकटी राणी एवढी अंडी घालते, ती तयार होतात कशी?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण माझ्या विषयातलं याहून सुंदर मला काही ठाऊक नाही.

पेटीत पाळतात त्या मेलिफेरा जातीची राणी ऐन हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते. तिच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या वर बारीक नळ्या असतात. कामकरी माशीत जेमतेम दोन ते बारा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नळी गजऱ्यासारखी दिसते. एका टोकाला मुक्या कळ्या, दुसऱ्या टोकाला टपोरी अंडी.

अंडं एकट्याच्या बळावर वाढत नाही. एकाच मूळ पेशीच्या विभाजनातून बऱ्याच पेशी होतात, त्यातली एकच अंडं होते. उरलेल्या सुमारे ४८ बहिणी तिच्या पोषक पेशी. बलकाची प्रथिनं रक्तातून येतात. पण आरएनए (प्रथिनं बनवण्याचे निरोप), रायबोसोम (ती बनवणारी यंत्रं) असा बाकीचा शिधा या बहिणी पुरवतात, मधल्या छोट्या खिडक्यांतून.

हा शिधा हलतो कसा? पेशीत सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांचे, रूळ असतात आणि त्यांवरून प्रथिनांचेच हमाल ओझं घेऊन चालतात. चालतात हा शब्द मी जपून वापरते आहे. कायनेसिन नावाचा हमाल (१९८५ साली तो स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूत सापडला) एका पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्चतो आणि ८ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरचा सव्वा लाखावा भाग. दुसरा डायनीन, सहसा उलट्या दिशेने जाणारा. फळमाशीत पोषक पेशींकडून अंड्याकडे माल नेतो तो मुख्यतः हाच. हे बहुतेक ज्ञान फळमाशीचंच आहे. तिथे मालाची जागा ठरवणारं ऑस्कर हे जनुक मधमाशीत नाहीच, तेव्हा तिचं सगळं हिला चिकटवू नये.

अंडं भरत आलं की पोषक पेशी उरलंसुरलं त्यात ओततात आणि मरतात. स्लाइडवर टपोऱ्या अंड्याच्या टोकाशी त्यांचा सुरकुतलेला ठिपका तेवढा राहतो. मुलं तो कचरा समजून स्लाइड पुढे सरकवतात. मी त्यांचा हात धरून तिथेच थांबवते.