हसू कुठे आले

२०१४च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मी भरगच्च चित्रपटगृहात पाहिला. त्या दिवशी प्रेक्षक कुठे हसले आणि कुठे गप्प झाले, हे मला चित्रपटाइतकेच आठवते.

कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. वर्गातल्या वरच्या जातीच्या शालूवर जीव जडलेल्या दलित जब्याला अखेर तिच्याच डोळ्यांदेखत, शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत घरच्यांबरोबर डुकरामागे धावावे लागते. आजूबाजूला जमलेली पोरे आणि गावकरी खिदळत असतात आणि आमच्या चित्रपटगृहातही हशा पिकला होता. मीही हसलो. मराठी पडद्यावर गावरान बोली वर्षानुवर्षे प्रामुख्याने विनोदी पात्रांच्या तोंडी आल्यामुळे, जब्याच्या बापाने, कचरूने, पोराला घातलेली कळवळून हाक कानावर पडली तरी आधी हसू येते आणि तिच्यातली लाचारी मागाहून कळते, इतकी ती सवय आमच्या अंगात मुरली आहे.

मग डुक्कर हाती लागणार, तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. महाराष्ट्रात चित्रपटाआधी राष्ट्रगीत होतेच, त्यामुळे खेळाच्या सुरुवातीला आम्ही सगळे उभे राहून बसलो होतो. आता पुन्हा उठायचे की नाही, हे कोणालाच कळेना. पुढच्या रांगेतले दोघे उठले, माझ्या शेजारचे गृहस्थ खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले आणि तसेच थांबले, तर मागून कोणीतरी 'बसा की' म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर डुक्कर निसटले. या वेळी मात्र हसू फारसे उमटले नाही.

जब्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट आमच्या दिशेने आला आणि पडदा काळा झाला, तेव्हा त्या शांततेचा अर्थ मला उमगला. जातीविषयीचे भाषण आम्ही मान डोलावून ऐकले असते आणि घरी गेलो असतो. इथे दिग्दर्शकाने आम्हाला आधी त्या खिदळणाऱ्या घोळक्यात बसवले होते, म्हणून तो दगड दुसऱ्या कोणासाठी आहे असे म्हणायची सोयच उरली नव्हती.

दोन वर्षांनी मंजुळे यांचाच 'सैराट' आला. 'झिंगाट'वर लोक खुर्च्या सोडून नाचले, बुलेट चालवणाऱ्या आर्चीला शिट्ट्या मिळाल्या, आणि शेवटी माहेरच्यांनी आर्ची आणि तिच्या नवऱ्याचा खून केल्यावर त्यांच्या बाळाची रक्ताने माखलेली चिमुकली पावले पाहून तीच माणसे खाली मान घालून बाहेर पडली. 'शेवट असा करायला नको होता', हे वाक्य त्यानंतर मी कितीतरी जणांकडून ऐकले. त्या तक्रारीत खरी हळहळ आहे हे मी मानतो, परंतु खून ज्यांनी केला त्यांच्यापेक्षा तो दाखवणाऱ्यावर अधिक राग निघतो, याचे मला आजही वाईट वाटते.