गाणाऱ्यानं गावं!

"गाणाऱ्यानं गावं. राजकारणात कशाला पडायचं?"

दुपारी कँटीनमध्ये मी गायिका नीनो कातामाद्झेबद्दल बोलत होते, तेव्हा सहकारी डबा उघडता उघडता हे बोलून गेला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य डोक्यात टोचत राहिलं.

नीनो जॉर्जियाची. जन्म 1972, काळ्या समुद्राकाठचं कोबुलेती. बातुमीत गाण्याचं रीतसर शिक्षण, मग 'इनसाइट' हा बँड. जॅझ म्हणायचं, पण मध्येच डोंगरातली लोकगीतं डोकावतात, कधी शब्द सोडून नुसता आवाजच गात सुटतो. अल्बमांची नावं रंगांची: व्हाइट, ब्लॅक, ब्लू, रेड...

तिचा केवढा तरी श्रोतावर्ग रशियात होता. आणि रशियाच्या पाठबळावर अबखाझिया नि दक्षिण ओसेतिया, म्हणजे देशाचा जवळपास पाचवा हिस्सा, जॉर्जियाच्या हातातून गेलेला.

जून 2019 मध्ये एक रशियन खासदार जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीच्या संसदेत थेट अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या. त्यानंतर नीनोनं जाहीर केलं, रशियात गाणार नाही.

टाळ्यांसाठी केलेली घोषणा नव्हे ही. भरलेली सभागृहं सोडणं म्हणजे पोटावर पाय. (आपल्याकडे एक सुपारी सोडताना किती जीव जातो, ते बघतोच की आपण!)

ती राजकारणात पडली, की राजकारण तिच्या घरात शिरलं होतं?

असो. ऐकलं नसेल तर 'ब्लॅक'पासून सुरू करा. हेडफोन लावून.