घरजावयांनी टिकवलेलं आडनाव

उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहणाऱ्या माणसाला पर्सी हे नाव चुकवता येत नाही. शहराच्या मधोमध पर्सी स्ट्रीट आहे आणि हेमार्केटचा बस स्टँडही तिथेच. मुंबईकराला पर्सी म्हटलं की एखादा पारशी बावाजी आठवेल, कारण पारशी घरांत मुलाचं नाव म्हणून ते ठेवतात. इथे मात्र ते आडनाव आहे, आणि आडनाव होण्याआधी ते गावाचं नाव होतं. फ्रान्सच्या नॉर्मंडीत पर्सी नावाची गावं आजही आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्याच्या पाठोपाठ जमिनीच्या आशेने जे सरदार आले त्यांत विल्यम दे पर्सी होता. आपल्याकडे असता तर पर्सीकर झाला असता.

जमीन त्याला भरपूर मिळाली, यॉर्कशायर आणि लिंकनशायरमध्ये. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, त्याच्या नावावर गावंच्या गावं लागलेली दिसतात. व्हिटबीचा उजाड झालेला मठ त्याच्याच देणगीतून पुन्हा उभा राहिला. नॉर्मन लोक बहुतेक गुळगुळीत दाढी करायचे, हा गडी मिशा राखायचा. म्हणून त्याला फ्रेंचमध्ये जे टोपणनाव पडलं, त्यातून अल्जरनॉन हे इंग्रजी नाव निघालं. म्हणजे उच्चभ्रू इंग्रजांचं हे भारदस्त नाव मुळात ‘मिशाळ’! विल्यम पहिल्या क्रुसेडवर गेला तो परत आला नाही.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही नॉर्मन घराण्याची असू शकते. खरी गंमत पुढे आहे. शंभर वर्षं होतात न होतात तोच पुरुषवंश खुंटला. वारस म्हणून मुली उरल्या. त्यांतल्या ॲग्नेसने लग्न केलं जोसेलिनशी. तो आजच्या बेल्जियममधल्या लूव्हेनच्या घराण्यातला, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या दुसऱ्या राणीचा सावत्र भाऊ. माहेरच्या मानाने सासर काही कमी नव्हतं, पण मुलांनी आडनाव लावलं ते आईचं. म्हणजे १२१५ मध्ये राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेची अंमलबजावणी पाहण्यासाठी जे २५ सरदार नेमले, त्यांतला रिचर्ड दे पर्सी हा बापाकडून नॉर्मन नव्हताच. पुढचे सगळे नामवंत पर्सी याच शाखेचे.

त्यांची राजधानी म्हणावी असं गाव म्हणजे ॲनिक. पाटीवर एल आणि डब्ल्यू दिसतात, उच्चारात दोन्ही गायब. न्यूकॅसलहून बसने तासाभराहून थोडं जास्त लागतं. तिथला किल्ला १३०९ मध्ये हेन्री पर्सीने डरहॅमच्या बिशपकडून विकत घेतला आणि तो अजूनही त्याच आडनावाकडे आहे. हॅरी पॉटर पाहिलेल्यांना तो ओळखू येईल. पहिल्या सिनेमातले झाडू उडवायचे धडे इथल्याच अंगणात झाले. पुलावर घराण्याचा सिंह उभा आहे, शेपूट काठीसारखी ताठ.

यांतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हॉटस्पर, म्हणजे दुसरा एक हेन्री पर्सी. घोड्याला सतत टाच मारणारा, म्हणून हे नाव. ज्या चौथ्या हेन्रीला गादीवर बसवायला मदत केली, त्याच्याचविरुद्ध तो उठला आणि १४०३ मध्ये श्रूसबरीला मारला गेला. तो जिवंत असल्याच्या वावड्या उठल्या, म्हणून राजाने पुरलेलं प्रेत उकरून लोकांना दाखवलं. उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅमला या घराण्याच्या जमिनी होत्या, त्यामुळे १८८२ मध्ये तिथल्या पोरांनी काढलेल्या फुटबॉल क्लबला त्याचं नाव मिळालं. टॉटनहॅम हॉटस्पर, म्हणजे स्पर्सच्या आपल्या पुण्या-मुंबईतल्या चाहत्यांनी हे लक्षात ठेवावं: तुमचा संघ एका हरलेल्या बंडखोराच्या नावाने खेळतो.

बंडाची खोड पुढेही गेली नाही. घराण्याचा किताब नॉर्थम्बरलंडचा अर्ल हा; अशा एका अर्लचं डोकं १५७२ मध्ये यॉर्कला उडवलं. १६०५ मध्ये संसद उडवण्याच्या कटात एक पर्सी सापडला, त्यापायी घराण्याचा प्रमुख सोळा वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये बसला. आणि १६७० मध्ये अकरावा अर्ल वारला तेव्हा मागे उरली तीन वर्षांची एलिझाबेथ. पुन्हा मुलगी!

तेवढ्यात डब्लिनचा एक पेट्या बनवणारा, जेम्स पर्सी, पुढे आला. मीच खरा वारस, असं म्हणत त्याने जवळजवळ वीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. शेवटी १६८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला ‘खोटा आणि उद्धट दावेदार’ अशा अर्थाचा कागद अंगावर लावून वेस्टमिन्स्टर हॉलमधून फिरवायची शिक्षा दिली. मला या माणसाबद्दल उगाच आपुलकी वाटते.

इकडे एलिझाबेथची सोळा वर्षांची होण्याआधीच तीन लग्नं झाली. पहिल्या नवऱ्याने तिचं आडनाव घेतलं आणि लवकरच वारला. दुसऱ्याचा लंडनच्या भर रस्त्यात खून झाला. तिसरा सॉमरसेटचा ड्यूक. पर्सी लावीन असं त्याने कबूल केलं होतं, पण एलिझाबेथ सज्ञान झाल्यावर तिने त्याला त्यातून मोकळं केलं. आडनाव तिथेच संपायचं. पण तिच्या नातीने, तिचंही नाव एलिझाबेथच, १७४० मध्ये यॉर्कशायरच्या ह्यू स्मिथसनशी लग्न केलं. भाऊ वारल्यामुळे पर्सींची उत्तरेकडची दौलत पुढे तिच्याकडे आली आणि स्मिथसनसाहेबांनी १७५० मध्ये संसदेत कायदा करून घेऊन पर्सी हे आडनाव लावलं. १७६६ मध्ये ते ड्यूक झाले. आजचे ड्यूक त्यांचेच वंशज.

या ह्यूला एक अनौरस मुलगाही होता. तो पॅरिसला जन्मला, आईच्या आडनावाने वाढला आणि रसायनशास्त्रात नाव काढलं. आई गेल्यावर त्याने रीतसर अर्ज करून बापाचं आडनाव मागून घेतलं. पर्सी नव्हे, बापाने टाकून दिलेलं ते जुनं, स्मिथसन. १८२९ मध्ये तो वारला. आयुष्यात कधी अमेरिकेला गेला नव्हता, तरी त्याची सगळी मालमत्ता मृत्युपत्रानुसार पुढे त्या देशाला मिळाली. त्यातून वॉशिंग्टनला संस्था निघाली, तिचं नाव स्मिथसोनियन.