टोरंटोची लाकडी जमीन ठाण्यात का फुगते

टोरंटोला मुलांकडे राहून ठाण्याला परतलेले आईवडील हमखास विचारतात, तसली लाकडी जमीन आपल्याकडे होईल का? होईल; टिकण्याची खात्री मात्र नाही.

टोरंटोतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. तुळयांवर प्लायवूड आणि त्यावर १९ मिमी जाडीच्या ओक-मेपलच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी होते की ह्युमिडिफायर लावतात. तरीही तळघरात अस्सल लाकूड सहसा घालत नाहीत, कारण काँक्रीटमधून ओल चढते. ठाण्यातलं घर जुलैत त्या तळघरासारखंच असतं, वर रोजचा ओला पोछा. लॅमिनेटचा, म्हणजे वर लाकडाचं छापील रूप असलेल्या फळीचाही गाभा लाकडाच्या तंतूंचाच. सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही.

लाकडाचं रूपच हवं तर एसपीसी घ्या. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीची ही ४-५ मिमी फळी पाण्याने फुगत नाही, आणि जुन्या लाद्या न फोडता वर बसते. आधी प्रत्येक लादी ठोकून बघा. पोकळ वाजली तर ती काढून जागा भरून घ्या. दोन मीटरची पट्टी आडवी ठेवल्यावर खाली ३ मिमीहून जास्त फट दिसली, तर लेव्हलिंग आधी. नाहीतर चालताना फळ्या एकमेकींत अडकवणारे क्लिकचे सांधे तुटतात. भिंतीलगत ८ मिमी मोकळी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकते. कपाट किंवा ओटा या फळ्यांवर पक्का करायचा नाही. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीपाशी पडदा हवाच. उन्हाने फळ्या प्रसरण पावून उचलतात. दरवाजे खालून तासावे लागतील, हे सुताराला आधीच सांगा.

वाशी-नेरुळला तळमजल्यावर राहत असाल तर उघड्या कोब्यावर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून किमान सोळा तास ठेवा. मग आतून थेंब दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त.

बाकी आमचं मत विचाराल तर व्हिट्रिफाइड लादी घ्या. ती जवळजवळ पाणी शोषत नाही, म्हणून सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पोकळ वाजू लागते. मिस्त्री कितीही म्हणो, ॲडहेसिव्हच वापरा: दातेरी थापीने पसरून, लादीच्या पाठीलाही पातळ थर लावून. २० किलोचं पोतं सपाट तळावर साधारण ४५-५० चौरस फुटांना पुरतं. सांधा किमान २ मिमी. १५० चौरस फुटांच्या हॉलला दहा टक्के तूट धरून १६५ चौरस फूट लागतात. ६०० बाय १२०० मिमीच्या दोन लाद्यांच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट येतात, म्हणजे ११ खोकी. सगळ्यांवर एकच बॅच नंबर बघून घ्या; नंतर आणलेल्या लादीची छटा जुळेलच असं नाही.

बाल्कनीत चकचकीत लादी नकोच. मॅट घ्या, आणि ढाळ जाळीकडे, मीटरला एक सेंटीमीटर.